चुलीवरचा भोपळा

आमच्या गंगाखेडात गंगेला गोदावरी म्हणणारा माणूस एक तर रेल्वेतून नुकताच उतरलेला असतो, नाहीतर शाळेत जास्त शिकलेला. बाकी सगळ्यांची ती गंगाच. आणि या गंगेच्या काठी भोपळे भाड्यानं देणारी बाई एकच, ती माझी शेजारीण धुरपताबाई. आमच्या दोघांच्या घरांच्या मधे एक कुडाची भिंत आहे. त्यामुळं तिच्या घरात काय शिजतं ते मला वासावरून कळतं आणि माझ्या घरात काय शिजत नाही ते तिला माझ्या खोकण्यावरून कळतं. मी तिला वैनी म्हणतो, कारण तिचा नवरा लिंबाजी माझा दोस्त होता. तो तापानं गेला तेव्हा वैनी तिशीची होती. मी तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज उर्दूत लिहून देतो. भांडणं लोकांनी करायची, ऐकायची आपण, आणि वर खायलाही त्यांनीच घालायचं, असा दुसरा धंदा निजामाच्या मुलुखात नाही.

भोपळे म्हणजे भाजीचे नव्हेत. दुध्या भोपळा वेलावरच जून होऊ द्यायचा, वाळवायचा, गर काढायचा आणि तोंड मेणानं बंद करायचं. असे दोन भोपळे दोरीनं जोडले की झाली सांगड. सांगड घेतली की धोंडासुद्धा तरंगतो असं वैनी म्हणते, आणि म्हणताना माझ्याकडं बघते. चैत्र-वैशाखात परभणीची, पाथरीची माणसं दोन-चार दिवस नदीला येतात. त्यांना डोहात उतरायचं असतं, पोहायला येत नसतं, आणि येत नाही हे कबूलही करायचं नसतं. अशा सगळ्यांची गाठ वैनीशी. भाडं पसाभर जवारी.

पण वैनी मागेल त्याला मागेल तो भोपळा देत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, मी वजनानं जड, मला थोरला द्या. वैनी म्हणते, बसा पायरीवर, पाय सोडा पाण्यात. मग ती त्याच्या तोंडाकडं बघत नाही, अंगाकडं बघत नाही, पायाच्या बोटांकडं बघते. बोटं मोकळी राहिली तर थोरली सांगड, कमरेला. बोटांनी दगड धरून ठेवला तर धाकटी सांगड, आणि तीही काखेत. भित्र्याला थोरला भोपळा कमरेला बांधला की भोपळा कमर वर उचलतो, डोकं खाली जातं आणि माणूस गंगेला पाय दाखवतो. एकदा एक मिशाळ जमादार आला होता, कमरेला तलवार. वैनीनं त्याची बोटं बघितली आणि लेकरांना देतात ती सांगड त्याच्या हातात ठेवली. जमादार तापला. वैनी म्हणाली, तलवारीला भ्याव वाटत न्हाई सायेब, बोटाला वाटतं. जमादारानं ती धाकटी सांगड घेतली आणि दुपारभर डोहात लेकरासारखा डुंबला. जाताना पायलीभर जवारी ठेवून गेला.

वैनीचे भोपळेही सगळ्यांसारखे नव्हेत. बाजारात मिळतो तो भोपळा गोल पोटाचा, त्यावरून ओल्या दोरीची गाठ घसरते. वैनीच्या भोपळ्याला मधोमध कमर असते, दोरी तिथं बसते ती बसते. हे बी तिच्या माहेरचं, झरीचं. लग्नात तिच्या आईनं ओटीत घातलेलं. म्हणाली होती म्हणे, नदीकाठी देतेय तुला, सोनं काय कामाचं, तरंगेल असं काहीतरी घेऊन जा. ती आई वैनीच्या लग्नानंतर दुसऱ्याच साली मानमोडीच्या साथीत गेली.

आता माझी करणी सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितली तर तिखटमीठ लावून सांगेल, त्यापेक्षा मीच लावतो.

साल फसली तेराशे एक्कावन्न. आखितीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आठ दिवस होते. वैनीच्या भावाच्या पोरीचं लग्न निघालं आणि तिला झरीला जावं लागलं. जाताना मला म्हणाली, "बन्सीभाऊ, खुंटीवरल्या सांगडी तेवढ्या दिया. चुलीवरल्याला हात लावू नका."

चुलीवर एकच भोपळा टांगलेला होता. धुरानं काळाभोर, तेल पाजल्यासारखा चकचकीत, आणि बाकीच्यांच्या दीडपट. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी नांगर धरलेला नाही. भोपळा आम्ही ओळखतो तो ताटातला. मला वाटलं, वैनीनं आपला चांगला माल मागं लपवलाय. बायांना सवयच असते.

दुसऱ्या दिवशी किशनराव आले. परभणीच्या कचेरीतले अहलकार, म्हणजे कारकून, दहा दिवसांची रुखसत घेऊन नव्या बायकोसह आमच्या गल्लीत मामाकडं उतरलेले. उन्हाळ्यातही शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत. बायकोचं नाव कमलबाई, वय सतरा-अठरा, कोरड्या गावची. विहिरीपलीकडं पाणी बघितलेलं नाही. नवऱ्यानं लग्नात वचन दिलं होतं म्हणे की गंगेत घेऊन जाईन. सगळ्या गल्लीला हे माहीत होतं, कारण मी सांगितलं होतं.

खुंटीवरच्या सांगडी त्या दिवशी सगळ्या गेलेल्या. मी म्हटलं थांबा, तुमच्यासाठी खास आहे. पाटावर चढलो आणि चुलीवरचा भोपळा काढला. हलवला तर आत खुळखुळ वाजलं. मी किशनरावांना म्हटलं, घ्या, खुळखुळा आत्ताच घेऊन ठेवा, साल-दोन सालांत लागेलच. ते कानापर्यंत लाल झाले. माझा विनोद मला इतका आवडला की बोटं बघायची असतात हे डोक्यातून गेलं. कमलबाई मागं पदर घट्ट धरून उभी होती. पदर असा धरते तर पायाची बोटं काय करत असतील, हे आंधळ्यालाही कळलं असतं. मी किशनरावांना सांगितलं, कमरेला बांधा, कडक.

बायांच्या घाटावर मी कशाला जाईन. मी वर वडाच्या पारावर होतो. वरून आधी हसणं ऐकू आलं. मग बघितलं तर पाण्यावर एक काळा भोपळा आणि दोन पावलं. बाकी बाई कुठंच नाही. धुणं धुणाऱ्या पार्वतीबाईनं साडी खोचली, दोन ढांगांत गाठलं आणि पोरीला केसाला धरून वर काढलं. पोरगी खोकली, रडली, जिवंत होती. त्या ओढाताणीत गाठ सुटली आणि भोपळा आपला आपला निघाला. डोहाच्या मधोमध थोडा थबकला, आणि खालच्या वळणाकडं गेला. कुणाला त्याचं काय. मलाही वाटलं, जाऊ दे, एक भोपळा तर गेला.

तरी वैनीच्या जिभेचं भय होतंच. म्हणून मी शहाणपणा केला. परत आलेल्यातला एक भोपळा घेतला, तव्याची काजळी फासली, वर गोडं तेल चोळलं आणि चुलीवर टांगून दिला. बघून मलाच वाटलं, अर्ज लिहिण्यात आपण जन्म वाया घालवला.

वैनी तिसऱ्या दिवशीच्या गाडीनं आली. लग्नाचे लाडू मला देत घरात शिरली, वर बघितलं, आणि चुलीपाशी थांबली. हात वर करून भोपळा हलवला. आत खुळखुळलं नाही. बोटाला काजळी लागली ती तिनं बघितली आणि मग माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगून टाकलं. खोटं मी कागदावरच चांगलं लिहितो.

तिनं पहिलं विचारलं, "पोरगी बरी हाय का?"

बरी आहे म्हटलं. मग ती खाली बसली. लग्नाच्या साडीतच, राखेजवळ. मी शिव्यांची वाट बघत उभा होतो. शिव्या आल्या असत्या तर मी दोन परत केल्या असत्या आणि मिटलं असतं. पण ती नुसती त्या रिकाम्या भोपळ्यावरची काजळी पदरानं पुसत राहिली. मग तिनं मला सांगितलं, गावातल्या शेंबड्या पोरालाही जे माहीत होतं ते. बियाचा भोपळा फोडत नसतात. बी आतच ठेवून चुलीवर धुरात टांगतात, म्हणजे कीड लागत नाही. आखितीला खाली काढायचा, फोडायचा आणि त्याच दिवशी बी लावायचं. औंदा वेलावर रोग पडलेला, तीनच भोपळे धरले होते. त्यातल्या दोहोंचं बी उंदरांनी नेलं. हा एकच राहिला होता.

"झरीला भावाकडं असेल की," मी म्हणालो.

"त्याच्याकडं आता कपाशी हाय," वैनी म्हणाली. "आईच्या हातचं एवढंच ऱ्हायलं व्हतं, बन्सीभाऊ."

आखितीला पाच दिवस होते. दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताच मी काठानं खाली निघालो. किशनराव आपणहून संगं आले. मी नको म्हटलं नाही, माणूस सोबत असला की लाज निम्मी वाटली जाते. प्रत्येक पाणवठ्यावर विचारत गेलो. काळा भोपळा दिसला का, कमरेचा? एका ठिकाणी बाया इतक्या हसल्या की किशनरावांनी पुढच्या पाणवठ्यावर विचारायचं काम पूर्ण माझ्यावर सोडलं.

दोन कोसांवर एका वावरात मेंढरं बसवलेली होती. पालापुढं केवळाबाई नावाची धनगरीण बसलेली, पन्नाशीची, हातात चांदीचं जाड कडं. तिच्या पुढ्यात घोंगडी पसरलेली आणि घोंगडीवर बी वाळत टाकलेलं. शेजारी आमचा भोपळा मान कापून ठेवलेला, त्यात ताक.

मी अर्ज लिहितो तशी सुरुवात केली. गरीब बेवा औरत, तिचा एकच आसरा, आपल्यासारख्या दर्यादिल बाईनं. केवळाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तिची सून पोटुशी आहे. पहिली दोन राहिली नाहीत. परवा ती पाण्याला गेली आणि हा बियांनी भरलेला भोपळा तरंगत तिच्या पायाशी येऊन लागला. भरलेलं पोट गंगेनं पाठवून दिलं.

"गंगेनं पदरात घातलेलं म्या तुमाला काढून देऊ?" ती म्हणाली. "आन् सुनंला काय सांगू?"

किशनरावांनी खिशात हात घातला तेव्हा मी त्यांच्या पायावर पाय दिला. पैसे काढले असते तर तिनं कुत्री सोडली असती, आणि बरोबर केलं असतं.

घरी येऊन वैनीला सांगितलं. वैनी म्हणाली, तिचं खरं हाय, ऱ्हाऊ द्या. आणि भाकरी थापायला लागली. भाकरी गोल झाली नाही. बावीस सालांच्या शेजारात वैनीची वाकडी भाकरी मी पहिल्यांदा बघितली.

कमलबाई दारात उभी होती. बुडाली त्या दिवसापासून ती वैनीच्या घरासमोरून खाली मान घालून जायची. आज आत आली, आणि नवऱ्याकडं न बघता बोलली. "काढून घ्यायचं कशाला? त्यांनी माझी ओटी भरली तर? ओटी भरताना घरातलं सरत नसतं. चार दाणे मागं काढून ठेवतात की."

किशनराव बायकोकडं असं बघायला लागले की जणू कचेरीचा शिपाई एकदम फारसी बोलला. पण पोरीचं बरोबर होतं. माहेरवाशिणीची ओटी भरली की त्यातलेच पाच दाणे परत घरात ठेवायचे, म्हणजे घरची लक्ष्मी तिच्यामागं जात नाही. देणाऱ्याकडंही राहतं आणि घेणाऱ्याकडंही. केवळाबाईचा शकुन मोडणार नव्हता. ओटी कमलबाईनं घ्यायची आणि आणून वैनीला द्यायची, कारण वैनीची ओटी आता कोण भरणार. हे शेवटचं कुणी बोललं नाही. तसं ते कुणीच बोलत नाही.

वैनी यायला तयार नव्हती. मी म्हटलं, बी तुमचंच आहे का दुसऱ्याचं, ते मला कसं कळावं, मी भोपळा ताटात ओळखतो. तेव्हा निघाली.

पालापाशी आलो तशी वैनी मागंच राहिली. पंचवीस पावलांवर एका बाभळीखाली बसली, आमच्याकडं पाठ करून. शुभाच्या कामावर आपली सावली नको. लिंबाजी गेल्यापासून पंधरा सालांत तिला कुणी तिकडं बस म्हणून सांगावं लागत नव्हतं. लग्नात, बारशात, डोहाळजेवणात, तिची तिला जागा माहीत असायची. भावाच्या पोरीच्या लग्नातही ती चुलीमागंच बसली असणार. मी रोज तिची टिंगल करत होतो, आणि हे मी कधी बघितलंच नव्हतं. कुडाची भिंत असली तरी भिंतच.

कमलबाई केवळाबाईच्या पाया पडली, आपणच बुडालेली बाई हे सांगितलं, आणि ओटीचं बोलली. केवळाबाईनं तिला हाताला धरून उठवलं. मग सुनेला हाक मारली. सुनेनं कुंकू आणलं. केवळाबाईनं घोंगडीवरचं बी ओंजळीत घेतलं, कमलबाईच्या पदरात घातलं, आणि सुनेनं त्यातले पाच दाणे उचलून आपल्या पोटाशी खोचले. मी सुटलो म्हणून श्वास सोडला.

केवळाबाईनं दुसरी ओंजळ भरली. मला वाटलं कमलबाईलाच. ती उठली.

"ती तिकडं कामून बसलीय?" तिनं मला विचारलं.

मी म्हणालो, तीच ती. बेवा आहे, नवरा नाही.

"बी कुणी दिलं व्हतं तिला?"

आईनं, म्हटलं. लग्नाच्या ओटीत.

केवळाबाई बाभळीकडं चालत गेली. आमचे पाय जागचे हलेनात, पण कान होतेच. वैनी घाईनं उठली, पदर सावरून मागं सरली, नको नको म्हणाली. केवळाबाई म्हणाली, "नवऱ्यानं दिलेलं नवऱ्यासंगं जातं, बाई. आईनं दिलेलं कामून जाईल? धर पदर."

वैनीनं पदर धरला. धरताना तिनं त्याचं टोक आधी नीट सरळ केलं, नव्या नवरीसारखं. बी पडताना बारीक आवाज झाला. मी दुसरीकडं बघायचं म्हणून किशनरावांच्या शेरवानीची बटणं मोजली. सात होती. त्यांनीही ती मोजू दिली.

पदरातलं बघून वैनी पाच दाणे काढायला लागली. तिनं पाच काढले, मग आणखी पाच, आणि केवळाबाईच्या हातावर ठेवले. म्हणाली, सुनंला सांगा, वेलाचा शेंडा दोन हातांवर छाटायचा, म्हंजे फांद्यांना भोपळा धरतो. मग दोघी तिथंच बसून वेलाचं बोलत राहिल्या. शेण किती, पाणी किती, मांडव कशाचा. आम्ही तिघं उन्हात ताक पीत उभे. ज्या भोपळ्यापायी एवढं झालं त्याच भोपळ्यातलं ताक. गोड होतं.

परतताना वैनी सगळ्यांच्या पुढं चालली. पदराची गाठ कमरेला खोचलेली, एक हात त्या गाठीवर. रस्त्यात मी म्हटलं, वैनी, माझं चुकलं. ती म्हणाली, ते ठाऊक हाय, नवीन काय असेल तर सांगा.

आखितीला तिनं परसात तीन आळी केली. मीही कुदळ धरली, आमच्या सात पिढ्यांत पहिल्यांदा, आणि अर्ध्या घटकेत हाताला फोड आणून दाखवला. सकाळी कमलबाई आली. रुखसत त्याच दिवशी संपत होती, गाडी दुपारची होती. वैनीनं तिच्या हातानं बी टोचवलं. मग तिला घाटावर नेलं, पायरीवर बसवलं, पाण्यात पाय सोडायला लावले. बोटं बघितली आणि लेकरांची सांगड काढली. काखेत बांधली. आणि स्वतः गुडघाभर पाण्यात उभी राहून दोरीचं टोक हातात धरलं. पोरगी दहा हात गेली. दहाच हात, पण डोकं वर आणि पाय खाली. पारावरून मी बघत होतो आणि वडाखाली किशनराव गळ्याचं वरचं बटण सोडून उभे होते.

त्या साली वेलाला अकरा भोपळे धरले. सगळे कमरेचे. केवळाबाईच्या सुनेला मुलगी झाली, हे मला मेंढरं परत आली तेव्हा कळलं आणि गावाला त्याच संध्याकाळी.

पुढच्या चैत्रात वैनीनं नव्या वेलाचा थोरला भोपळा चुलीवर टांगला. त्याच्या कमरेला तिनं लाल दोरा बांधला. कशाला म्हणून मी विचारलं. गावाला ठाऊक हाय, तुमच्यासाठी बांधलाय, म्हणाली. मग खुंटीवरच्या नव्या सांगडी घेऊन घाटाकडं निघाली. मी मागं मागं गेलो आणि रोजच्या सवयीनं पायरीवर बसलो. बोलता बोलता पाय पाण्यात कधी गेले मलाच कळलं नाही.

वैनी गिऱ्हाईक सोडून माझ्या पायांकडं बघायला लागली.

मी झटकन पाय वर ओढले आणि धोतराखाली घेतले. तिनं आणलेल्यातली सगळ्यात धाकटी सांगड काढली, आणि माझ्या मांडीवर ठेवली.